बाणमावशीने खाल्लेली माती

बाणमावशीचं खरं नाव पगाराच्या कागदावर होतं, ते तिथेच राहिलं. तळ्यांच्या तळातून काढलेल्या गाळाच्या नळ्या संशोधन केंद्राच्या थंड खोलीत सांभाळणं हे तिचं काम. "चिखल राखायचा पगार घेते आमची सून," असं सासूबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या. पगाराच्या दिवशी मात्र चिखलाबद्दल अवाक्षर नाही.

ह्या चिखलाची गंमत अशी, की तो थरावर थर बसत जातो. वरचा अलीकडचा, खालचा फार जुना. पूर कधी आले, दुष्काळ कधी पडले, ते थर सांगतात. म्हणून नळीच्या वरच्या टोकाला लाल टोपण, खालच्या टोकाला काळं आणि अंगावर वरची दिशा दाखवणारा बाण. बाण विसरेल त्याने सगळ्यांना चहा पाजायचा, हा कायदा मावशीचाच. केंद्राचा ड्रायव्हर त्यात सर्वांत जास्त सापडायचा. वर मावशीचं ऐकून घ्यायचा, की तुझ्या लग्नात नवरीवरही बाण काढून ठेवावा लागेल.

आणि एक दिवस खुद्द मावशीनेच माती खाल्ली. लाल टोपणं संपली होती, म्हणून तिने एका नळीला दोन्हीकडे काळीच बसवली. बाण काढायला पेन उघडलं, तोच जावयाचा फोन आला. लेकीला दवाखान्यात नेलं होतं. मावशी उघडं पेन टाकून धावली.

नातीचं कौतुक आटोपून परतली, तर नळी कप्प्यात आडवी आणि दोन्ही टोकं काळी ठिक्कर. गाळाच्या लांब कांडीचा मधला तुकडा तो, दोन्हीकडे सारखाच घट्ट, म्हणून वरखाल ओळखायची सोय नाही. दुसऱ्या दिवशी चिरायचा होता. उलटा वाचला गेला तर शेकडो वर्षांचं हवामान डोक्यावर उभं राहणार, आणि त्या तळ्यात पुन्हा उतरायची परवानगी नव्हती.

नवी लाल टोपणं आली होती. मावशीने एक उचललं, ह्या टोकाशी नेलं, त्या टोकाशी नेलं. कोणाला कळणार होतं? शेवटी टोपण मुठीत धरूनच ती संशोधक बाईंपुढे उभी राहिली आणि सगळं सांगून मोकळी झाली.

बाईंनी नळी उभी चिरली आणि भिंग घेऊन वाकल्या. एका थरात जाड वाळू, तिला लागून बारीक, मग पिठासारखा गाळ. पुढच्या थरात तसंच, त्याच्या पुढच्यातही.

"पुराचं पाणी शांत झालं की जड ते आधी बसतं, हलकं मागाहून," बाई म्हणाल्या. "वाळूकडची बाजू खालची. लावा तुमचं टोपण."

मावशीने टोपण दाबून बसवलं आणि लगेच बाणही काढला. नात झाल्याचं कळलं तेव्हाही इतकं हायसं वाटलं नव्हतं म्हणे. हे तिच्या लेकीपर्यंत कोणी नेऊ नये म्हणजे झालं.

चहा अर्थातच मावशीचा. ड्रायव्हरने सावकाश दोन कप रिचवले आणि तिसऱ्यासाठी कप पुढे केला.

"मावशी, ह्याच्यावर तेवढा बाण काढा," तो म्हणाला. "उगाच बुडावर ओताल."