फोटोखालच्या ओळी

"इमेज, इमेज! ही बया दुसरं काय बोलतच नाय!" काका मुंबईहून फोनवर माझ्यावर खेकसले. बया म्हणजे त्यांच्या मोबाइलमधला, स्क्रीनवरचं वाचून दाखवणारा आवाज. साखरेच्या दुखण्यानं काकांची नजर गेली तेव्हा मुलानं त्यांना आपल्याकडे मुंबईला नेलं. काकी मात्र पोलादपूरच्या वर, आमच्या गावातच राहिली. गुरं कुणाच्या भरवशावर टाकायची?

मी तेव्हा बिरवाडीत खोली घेऊन राहायचो आणि एमआयडीसीतल्या एका कारखान्यात कॉम्प्युटर सांभाळायचो. हौस म्हणून गावासाठी एक छोटा सोशल मीडिया सर्व्हर चालवायचो. गावच्या मुंबईकर मंडळींनी आपला वेगळा काढला होता. सॉफ्टवेअर फुकटचं, कुणा एका कंपनीचं नाही. दोन्ही सर्व्हर एकमेकांशी बोलायचे, त्यामुळे गावात टाकलेली पोस्ट मुंबईत दिसायची. काय दिवस होते! कुणाची म्हैस व्याली, कुणाच्या आंब्याला मोहोर आला, सगळी खबर तिथं.

काकांसाठी मी सगळ्यांना दटावून ठेवलं होतं, की फोटोखाली त्यात काय आहे ते लिहा. लिहायचेही बिचारे. पण फोटो मुंबईच्या सर्व्हरवर पोचला की तिथं त्याची लहान प्रत बनायची आणि खालचं वर्णन गायब व्हायचं, एसटीतून पाठवलेल्या पार्सलवरची चिठ्ठी वाटेत गळावी तसं. मग ती बया काय वाचणार, कपाळ? शिमगा तोंडावर आला होता आणि काकांना आपल्या अंगणात येणारी गावदेवाची पालखी हवी होती.

"नुसता पालखीम्होरचा खालू बाजा ऐकून काय करू रे? आपल्या दारात कोन आलं, कसं आलं, ते कळाय नको?"

त्यांच्या आवाजातली ती अगतिकता मला सहन होईना. ड्युटी सुटली की मी तो कोड उसवत बसायचो. प्रत बनवतानाच वर्णन सोबत न्यायचं, एवढीशी गोष्ट! पण दुरुस्ती पाठवली की सॉफ्टवेअर लिहिणारे परदेशातले महाभाग शंका काढून काढून डोकं उठवायचे. शेवटी मुंबईकरांना विचारलं आणि त्यांच्या सर्व्हरवर माझी दुरुस्ती चढवून मोकळा झालो.

शिमग्याला मी गावात होतो. पालखी दारात आली, काकीनं ओवाळलं. मी तिचा फोटो काढला आणि विचारलं, "खाली काय लिहू गो काकी?"

ती पदर सावरत सांगत गेली, मी तसंच लिहिलं. "पालखी दारात हाय. मी ओवाळतेय. तुमी आणलेली हिरवी साडी नेसलेय. केस सगळं पिकलं माजं, ते तुमी बगितलं नाय."

पोस्ट गेली. पालखी पुढच्या घरी वळतेय तोवर खाली काकांचं उत्तर आलं, तोंडानं बोलून टाकलेलं. मी काकीला वाचून दाखवलं.

"मला तू काळ्या केसांचीच दिसतेस गो. मी गावाला येतो. आता हितं नाय राहायचं."

काकी लालबुंद झाली. "अरे मेल्या, हे अख्ख्या गावानं वाचलं की रे! पूस ते आधी!"

"पुसतो, पुसतो," म्हणत मी मोबाइल वर घेतला, तर तिनं माझं मनगट घट्ट धरलं.

"राव दे," ती म्हणाली. "परत एकदा वाच."