दंडावरची लाल पट्टी

पट्टी साध्या लाल कापडाची होती. वर पांढऱ्या रंगात ‘प्रेस’ लिहिलेलं आणि आतून एक सेफ्टी पिन. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना ती पट्टी माझ्या दंडावर यावी असं मला इतकं वाटत होतं, की आजही लाल कापड बघितलं की दंडाला काहीतरी होतं. हसायचं त्यांनी हसावं.

जानेवारीतल्या मोठ्या संचलनासाठी देशभरचे कॅडेट दिल्लीत येत. शहराच्या कडेला तंबू ठोकून शिबिर भरे. दिल्लीच्या आम्हा काही मुलींना तिथे मदतनीस म्हणून घेत, आणि आम्ही रोज घरून जाऊन-येऊन असायचो. त्यातल्या एकीला प्रसिद्धीचं काम मिळायचं. शिबिराची रोजची बातमी लिहून वर्तमानपत्रांकडे पाठवायची, वार्ताहर आले की त्यांना सगळं फिरवून दाखवायचं, आणि संचलनाच्या दिवशी त्यांच्या कठड्यापाशी ती पट्टी लावून उभं राहायचं. शेवटी आम्ही दोघीच उरलो होतो. दुसरी मुलगी मयूर विहारहून यायची. तिचं इंग्रजी ऐकत राहावं असं. माझंही इंग्रजी चुकत नसे, पण ते ऐकलं की समोरच्याला वाटे आपल्याला नोटीस आली.

त्याला कारण आमचे बाबा. आम्ही सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहायचो आणि बाबा मंत्रालयात उत्तरं लिहायचे. संसदेत कोणी खासदार प्रश्न विचारी, तो फिरत फिरत बाबांच्या टेबलावर येई, बाबा उत्तराचा मसुदा करत आणि मंत्री तो उभं राहून वाचत. रेडिओच्या बातम्यांत एखादं वाक्य आलं की बाबा जेवता जेवता हात वर करत. “हे माझं.” आई म्हणे, “हो का? मग तुमच्या मंत्र्यांना सांगा, दुपारी नळाला पाणी सोडा.”

त्यांचं वाक्य कायम दुसऱ्याच्या तोंडून आलेलं. म्हणून मुलीने स्वतः पट्टी लावून चारचौघांत उभं राहावं, ही त्यांची हौस माझ्या हौसेहून मोठी होती. त्यांनी कंबर कसली. रोज जेवणानंतर माझी शिकवणी सुरू झाली. पहिला नियम, वाक्यात करणारा माणूस येऊ द्यायचा नाही. मडकं फुटलं एवढंच लिहायचं. दुसरा नियम, जे अजून कळलेलं नाही तेही ठाम शब्दांत लिहायचं. एकदा आईची खिचडी लागली, तेव्हा मी ताटावरून जाहीर केलं, “खिचडीचा तळ किंचित करपल्याचे निदर्शनास आले असून परिस्थिती नियंत्रणात आहे.” बाबांनी टाळी दिली. आईने दोघांच्या ताटात मुद्दाम खालची खिचडी वाढली.

शिबिरात मला एक गोष्ट फार आवडायची. पहाटेच्या गारठ्यात तास तास उभं राहून एखादी मुलगी चक्कर येऊन पडे. आजूबाजूच्या मुली मानही वळवत नसत. मागून दोघी येऊन तिला उचलून नेत आणि बाकीच्या न बघता सरकून तिची जागा भरत. क्षणात रांग पुन्हा सरळ. मी बाबांना हे घरी येऊन साभिनय दाखवलं होतं, आणि ते म्हणाले होते, “वा! याला म्हणतात शिस्त.”

त्या दिवशी धुकं होतं. मी ऑफिसच्या तंबूत बसून बातमी लिहीत होते, तेवढ्यात बाहेर गलका झाला आणि लगेच थांबला. दोरावरून भिंत चढायच्या सरावात महाराष्ट्राच्या तुकडीतली एक मुलगी वरून पडली होती. दोर दवाने ओला होता. मी बाहेर येईपर्यंत गाडी तिला घेऊन गेलीही होती. मुलगी माझ्या ओळखीची होती. पहिल्याच दिवशी तिने मला विचारलं होतं, “तुझं मराठी हिंदीतनं येतं होय गं?” मला राग आला होता आणि ती आवडलीही होती.

आमच्या मॅडम, म्हणजे प्रसिद्धीचं काम बघणाऱ्या अधिकारी, आत आल्या. म्हणाल्या, “मामूली चोट है. छोटा सा नोट बना दो.” मी इंग्रजीत बनवला. सरावादरम्यान एका कॅडेटला किरकोळ दुखापत झाली, आवश्यक ते उपचार तातडीने करण्यात आले, प्रकृती स्थिर आहे. मॅडमनी वाचला आणि पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघितलं. “बहुत बढ़िया! चार बजे अख़बारवाले आ रहे हैं, तुम्हीं घुमाओगी.” त्यांनी खणातून ती पट्टी काढून माझ्यासमोर टेबलावर ठेवली. मला बाबांचा चेहरा दिसायला लागला.

“अच्छा, तुम मराठी हो ना?” मॅडम म्हणाल्या. “उसके घर फ़ोन कर दो. यही बोलना जो लिखा है. और कहना, आने की ज़रूरत नहीं.”

तिच्या घरी फोन नव्हताच, शेजारच्या पिठाच्या गिरणीचा नंबर दिलेला होता. मी फोन लावला. पलीकडून गिरणीचा घरघराट, त्यातून एक माणूस ओरडून कोणाला तरी हाक मारतोय, मग बराच वेळ नुसती घरघर. मग गिरणी बंद झाली. ती एका बाईसाठी बंद करण्यात आली होती, हे मला तेव्हा कळलं नाही. एकदम शांतता झाली आणि एक बाई धापा टाकत म्हणाली, “हां, बोला.”

मी बोलले. जे लिहिलं होतं तेच, फक्त मराठीत. ‘दुखापत’, ‘उपचार’, ‘प्रकृती स्थिर’. माझा आवाजही छान लागला होता.  

मग ती बाई म्हणाली, “तू तिला बघितलंस का?”

इतका साधा प्रश्न, पण बाबांच्या शिकवणीत याचं उत्तर नव्हतं. मी मॅडमकडे बघितलं. मॅडम घड्याळाकडे बघत होत्या.

“नाही,” मी म्हणाले.

आमच्या अख्ख्या बोलण्यातला तेवढा एक शब्द मॅडमना नेमका समजला. त्यांनी वर बघितलं.

“मग जा की,” बाई म्हणाली. तिने आवाज चढवला नाही. “बघून ये आणि मला सांग. मी हितंच बसते.”

मी फोन ठेवला आणि मॅडमना सांगितलं. त्या वैतागल्या. “बोल देती, हाँ, देखा है. उनको तसल्ली हो जाती.” मग जरा मऊ होऊन म्हणाल्या, “चार बजे के बाद चली जाना.”

हॉस्पिटल शहराच्या दुसऱ्या टोकाला. चारनंतर निघाले तर पोचेपर्यंत अंधार पडणार, आणि तिकडे एक बाई बंद गिरणीत बसलेली. मी मॅडमना विचारलं, “मॅडम, आपने देखा उसको?” माझा स्वभाव आधीपासूनच असा, तोंडातून निघायचं ते निघतंच. मॅडमनी नोट उचलून फाईलला लावला. मी पट्टी टेबलावरच ठेवली आणि रिक्षा शोधायला पळाले. खरं सांगते, तंबूतून बाहेर पडताना मी मागे वळून पट्टीकडे बघितलं.

ती हॉस्पिटलच्या बोळकांडीत स्ट्रेचरवर होती. ओठ पांढरे पडलेले, केसांत माती. एका पायात बूट, दुसरा पाय फळ्यांमध्ये बांधलेला. मांडीचं हाड मोडलं होतं. आत सळई घालावी लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं. मला बघून ती म्हणाली, “बूट कापला गं त्यांनी माझा. कात्रीनं. शिबिराचा आहे, परत द्यायचाय, आता काय देऊ?” तेवढंच पुन्हा पुन्हा, रडत. मी म्हटलं, “बूट गेला खड्ड्यात.” ती म्हणाली, “तसं नसतं गं.” मग तिने विचारलं, “घरी कळवलंत?” मी म्हटलं, “कळवते आता.” तिने माझं बोट धरलं होतं, ते मी हळूच सोडवून घेतलं.

हॉस्पिटलबाहेरच्या बूथवरून फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला. गिरणी बंदच होती.

“फ्रॅक्चर आहे,” मी म्हणाले.

“मोडलंय का?”

“हो. मांडीचं हाड. ऑपरेशन करणार आहेत.”

“शुद्धीवर हाय?”

“हो, बोलली माझ्याशी. बूट कापला म्हणून रडत होती. परत द्यायचाय म्हणाली.”

इतका वेळ ती बाई खंबीर होती. आता तिचा आवाज फुटला. “बुटाचं म्हनली? मग माझीच हाय ती.” बराच वेळ ती नुसती रडली आणि मी बूथच्या काचेला टेकून उभी राहिले. मग ती म्हणाली, “मी येते. कुठं उतरायचं?”

मी आमच्या क्वार्टरचा पत्ता सांगितला. आईला विचारायचा प्रश्नच नव्हता. दिल्लीतल्या मराठी घरांना गाडीतून उतरणारा माणूस नवा नसतो. कोणी इंटरव्ह्यूला येतो, कोणी मोठ्या हॉस्पिटलात दाखवायला, आणि सगळे आमच्या बाहेरच्या खोलीत सतरंजीवर झोपतात.

शिबिरात परतले तेव्हा वार्ताहर चहा पिऊन निघत होते. मयूर विहारवाली त्यांना गेटपर्यंत सोडायला चालली होती आणि पट्टी तिच्या दंडावर होती. तिला छान दिसत होती. मॅडम रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर मी भांडले तरी असते. “चार बजे कोई तो चाहिए था, बेटा,” एवढंच म्हणाल्या. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात आतल्या पानावर माझं वाक्य छापून आलं, किरकोळ दुखापत, प्रकृती स्थिर. तेव्हा मला रडू आलं. थोडं त्या मुलीसाठी, पण जास्त स्वतःसाठीच.

बाबा मात्र चिडले. “हातातोंडाशी आलेला घास! चारनंतर गेली असतीस तर पाय काय आणखी मोडला असता?”

“ती बाई गिरणीत बसून होती, बाबा.”

“बसली असती अजून दोन तास! तू डॉक्टर आहेस?” मी ताट सरकवून उठले. आई म्हणाली, दोघंही एका माळेचे मणी, आणि ताटं उचलली. त्यानंतर बाबा माझ्याशी कामापुरतं बोलायला लागले. रेडिओच्या वेळी हात वर करणंही बंद झालं.

मग तिची आई, म्हणजे त्या गिरणीतल्या काकू, आल्या. हातात एक पिशवी, अंगावर पातळ शाल, दिल्लीची थंडी कशाशी खातात याची कल्पना नाही. येताना भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी मुलीसाठी आणलेली. त्यांना शहर माहीत नव्हतं, हिंदी येत नव्हतं, आणि शिबिरातलं माझं काम संपून कॉलेज सुरू झालेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबाच स्वेटर घालून उभे राहिले. “चला, माझ्या बसच्या रस्त्यावरच आहे,” म्हणाले. हॉस्पिटल त्यांच्या ऑफिसच्या अगदी उलट्या दिशेला होतं. तरी रोज तेच नेऊ लागले आणि ऑफिसात उशिरा पोचू लागले. माझ्याशी अबोला तसाच.

एकदा जेवताना काकूंनी त्यांना विचारलं, “दादा, तुमचं काम काय असतं हापिसात?”

“उत्तरं लिहितो. लोक प्रश्न विचारतात, कुठे पूर आला, कुठे काय पडलं. त्यांची उत्तरं.”

“बया! मग किती फिरावं लागत असंल! सगळं बघून यायचं म्हंजे.”

बाबांचा घास हातातच राहिला. “नाही,” ते म्हणाले. “कुठे जावं नाही लागत.”

काकूंनी मान हलवली. बाबांनी त्या दिवशी जेवणानंतरचं नेहमीचं ताक मागितलं नाही.

संचलनाच्या दिवशी सकाळी आम्ही सगळे टीव्हीसमोर बसलो. बाबा दरवर्षी संचलन पहिल्यापासून शेवटपर्यंत बघत, मध्ये कोणी उठलं तर चिडत. कॅडेट मुलींची तुकडी आली. काकू टीव्हीच्या अगदी जवळ सरकल्या.

“माझ्या पोरीची जागा कुठली?”

मला माहीत होती. सराव मी रोज बघत होते. मी काचेवर बोट ठेवलं, दुसऱ्या रांगेत, अलीकडच्या कडेला.

“पन तिथं तर कुणीतरी हाय.”

“जागा भरतात, काकू. रिकामी ठेवत नाहीत.”

काकू बघत राहिल्या. रांग सरळ होती, सगळे हात एकदम वर जात होते. “म्हंजे बघनाऱ्याला कळायचं न्हाई, एक कमी हाय ते,” त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. “आनि तुझी जागा कुठं हुती गं?”

पट्टीचं त्यांना कोणी सांगितलं होतं कोण जाणे. मुलीनेच सांगितलं असेल.

“ती टीव्हीत दिसत नाही,” मी म्हटलं. 

बाबा उठले. अजून निम्मं संचलन बाकी होतं. त्यांनी टीव्ही बंद केला आणि खुंटीवरचा स्वेटर काढून माझ्याकडे टाकला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच ते माझ्याशी आपणहून बोलले.

“चल,” ते म्हणाले. “मी रोज हॉस्पिटलच्या गेटपर्यंतच जातो. आज मलाही वर घेऊन चल. मी तिला अजून बघितलेलं नाही.”