आखाजीची शिवी आणि मला मिळालेली माफी

जळगाव, धुळे आणि या दोहोंच्या मधल्या समस्त गावांतील आप्तेष्ट, सोयरे, विहिणी व निंदक यांस कळविण्यास अत्यंत गांभीर्य वाटते की, प्रस्तुत बाईस गेल्या मार्गशीर्षात, रविवारी, भरीत-पुरीच्या जेवणाआधी, वीस-बावीस माणसांच्या साक्षीने माफ करण्यात आलेले आहे. तरी यापुढे सदर प्रकरणी कोणीही कुजबुजू नये. कुजबुजायचंच असेल तर मला बोलवावं. माझ्याइतकं रंगवून ते कुणालाच सांगता येत नाही.

आता गुन्हा सांगते.

अक्षय्य तृतीयेला आमच्याकडे आखाजी म्हणतात. सासुरवाशिणी झाडून माहेरी येतात, लिंबाला झोके बांधले जातात, आणि आखाजीला घरोघर बसवलेली गौराई बुडवायच्या दिवशी आमच्या गावात एक खास कार्यक्रम असायचा. नाल्याच्या या काठावर वरच्या आळीच्या पोरीबाळी, त्या काठावर खालच्या आळीच्या, आणि मग एकमेकींना शिव्या. गाऊन, यमक जुळवून, पदर खोचून. वर्षभर खाली मान घालून भाकरी थापणाऱ्या बायका त्या दिवशी अशा काही सुटायच्या की गावातले पुरुष पाराकडून वळूनसुद्धा बघायचे नाहीत.

पण त्याला नियम होता. शिवी खोटी पाहिजे. माझ्या आईच्या भाकरी इतक्या करपतात की कावळे त्या घरी परत आणून देतात, असं खालच्या आळीने म्हणावं. त्यांचे नवरे बैलाच्या शेपटीला धरून पोहायला शिकले, असं आम्ही म्हणावं. सगळ्यांनी हसावं आणि घरी जाऊन आमरस खावा. माझी आत्या आमच्या काठाची सेनापती होती. ती दरवर्षी नाल्यावर निघण्याआधी बजावायची, "खोटी शिवी नालामा वाही जास. खरी घर येस."

त्या काळी मी वरच्या आळीची तोफ होते. वय सतरा, आवाज भोंग्यासारखा, यमकाला तोटा नाही. खालच्या आळीत माझी जिवाभावाची मैत्रीण. शाळेत एका बाकावर, विहिरीवर एका दोरावर. तिचं लग्न नुकतंच ठरलं होतं, धुळ्याला. मुलगा देखणा. इतका देखणा, की माझ्या पोटात दुखलं होतं. हे मी पस्तीस वर्षांत पहिल्यांदा लिहिते आहे, आणि माझा नवरा वर्तमानपत्राखेरीज काही वाचत नाही म्हणून लिहिते आहे.

त्याच्या आधीच्या थंडीत आम्ही दोघी बोदवडला एका लग्नाला गेलो होतो. जानवशात वीस जणी एका सतरंजीवर. तिने मला कोपऱ्यात ओढलं आणि माझा हात घट्ट धरून सांगितलं की तिची झोप दगडासारखी आहे, आणि अजूनही कधी कधी अंथरूण ओलं होतं. घरात फक्त आईला माहीत. "मला मध्ये एकदा उठवशील ना गं?"

मी उठवलं. दोनदा उठवलं. त्या बाबतीत माझ्याकडे कुणी बोट दाखवू शकत नाही.

तर आखाजी. नाल्याच्या दोन्ही काठांवर ही गर्दी. समोरून माझी ही मैत्रीण पुढे आली आणि तिने माझ्या नाकावर गायलं. माझं नाक आधी घरी पोचतं आणि मी मागून येते, असं काहीतरी. दोन्ही काठ हसले. आता माझं नाक तुम्ही पाहिलेलं नाही, पण ते खरोखरच तसं आहे. म्हणजे नियम तिने आधी मोडला. हा मुद्दा मी आजवर प्रत्येक वेळी मांडला आहे आणि प्रत्येक वेळी ऐकणाऱ्याने माझ्या नाकाकडे बघून विषय बदलला आहे.

मी एक पाऊल पुढे झाले, हात कमरेवर ठेवले आणि म्हटलं,

"धुळानी नवरी दिसाले गोरी,
रोज सकाय गोधडी दोरी!"

बस, एवढंच. दोन ओळी. पण काय ओळी होत्या! गोधडी रोज सकाळी दोरीवर वाळत का, हे आमच्या काठाला आधी कळलं नाही. मग एकीला कळलं, मग दुसरीला, आणि मग जो हशा उठला तो नाल्यावरून पलीकडे गेला. पलीकडच्यासुद्धा हसायला लागल्या. तिच्या स्वतःच्या आळीच्या! मी तिच्याकडे पाहिलं. ती हसत नव्हती, रडत नव्हती, नुसती माझ्या तोंडाकडे बघत होती, जणू मी अजून काही बोलणार आहे.

आखाजीला सासुरवाशिणी माहेरी येतात, हे मी वर सांगितलंच. त्या देखण्या मुलाची मावशी आमच्याच गावची. तीही माहेरी आली होती. तीही काठावर होती. आठ दिवसांत धुळ्याहून निरोप आला, पत्रिका जुळत नाही.

आत्याने मला त्या दिवशी एक थोबाडीत दिली, आणि त्यानंतर जन्मभर मला नाल्यावर नेलं नाही.

मैत्रिणीचं लग्न तीन वर्षांनी झालं, तेही धुळ्यातच. मास्तर मिळाला, स्वभावाने गरीब. माझं जळगावला झालं. पुढे कुणाच्या लग्नात, कुणाच्या बारशात आमची गाठ पडायची. ती माझ्या शेजारी बसायची, माझ्या पानात आग्रहाने मठ्ठा वाढायची आणि दरवेळी एकदा तरी म्हणायची, "ते जाऊ दे गं. मी कधीच माफ केलं."

मी म्हणायची, "कशाबद्दल गं? मला तर काही आठवतच नाही."

दोघीही खोटं बोलत होतो, पण तिच्या खोट्याला जास्त मान होता. माफ करणारी बाई पाटावर बसते. विसरणारीला जमिनीवर बसावं लागतं.

आणि मग गेल्या वर्षी देवाने, म्हणजे एका वधूवर मेळाव्याने, माझ्या लेकीसाठी स्थळ आणलं. मुलगा दीपनगरच्या कॉलनीत राहतो, विजेच्या नोकरीत आहे, निर्व्यसनी, बोलका. लेकीने त्याला पहिल्याच भेटीत पसंत केलं. त्याआधी तिने अकरा मुलं नाकारली होती, त्यामुळे मी शेंदूर लावायला मारुती शोधत होते. घर धुळ्याचं. एकत्र कुटुंब. आजोबा कर्ते, त्यांना सगळे आबा म्हणतात. आबांचा थोरला मुलगा म्हणजे मुलाचे वडील, आणि धाकटा, मास्तर.

मास्तर म्हटल्यावर मी शाळेचं नाव विचारलं. मुलाची सख्खी काकू म्हणजे ती.

महिनाभर मी झोपले नाही. तिने एक शब्द उच्चारला असता तर संपलं होतं. "आईची जीभ फार वाईट आहे हो," बस, इतकंच पुरलं असतं. पण तिने काही केलं नाही. उलट निरोप पाठवला, मुलगी मी लहानपणापासून पाहिलेली आहे, डोळे झाकून करा. मला हायसं वाटायला हवं होतं. मला ताप आला.

सुपारी फोडायला आम्ही धुळ्याला गेलो. सुपारी फुटली की लग्न पक्कं, मग मागे वळणं नाही. समोर आबा, त्यांच्यापुढे पाटावर सुपारी आणि अडकित्ता. बायका एका बाजूला, पुरुष एका बाजूला, आत भरिताचा खमंग वास. माझी लेक मान खाली घालून. आबांनी अडकित्ता उचलला.

"एक मिनिट, आबा," मैत्रीण म्हणाली.

ती उठून उभी राहिली. जरीची साडी, अगदी शांत चेहरा. म्हणाली, "नवं नातं जोडताना मनात काही ठेवू नये. लहानपणी विहीणबाई आखाजीला मला साऱ्या गावासमोर फार वाईट बोलल्या होत्या. त्यापायी माझं ठरलेलं लग्न मोडलं. पण आज सगळ्यांसमोर सांगते, मी त्यांना माफ केलं."

आणि पदर डोळ्यांना लावून बसली.

अशी सफाई मी आयुष्यात पाहिली नाही. एक वाईट शब्द नाही, एक आरोप नाही. मुलाच्या आईने माझ्याकडे अशी नजर टाकली, जशी आपण भाजीवाल्याने गुपचूप घातलेल्या किडक्या वांग्याकडे टाकतो. पुरुषांत खाकरणं सुरू झालं. आबांनी अडकित्ता खाली ठेवला. माझ्या लेकीने मान वर करून मला विचारलं, नुसत्या डोळ्यांनी, आई, तू काय केलंस?

मुलाच्या आईने ते तोंडाने विचारलं. "असं काय बोलल्या होत्या तुम्ही?"

"मला तर काही आठवतच नाही," मी म्हटलं.

"आसं कसं?" आबा म्हणाले. "लगीन मोडनं म्हंजे काहीतरी व्हईनच. सून, तू सांग. काय म्हनी ती?"

मैत्रिणीला हे अपेक्षित नव्हतं. तिने माफीपर्यंतची तयारी केली होती, पुढची केली नव्हती. तिची नजर एकदा मास्तरांवर गेली, एकदा दाराकडे. "काही नाही, आबा. चादरीवरून काहीतरी. मी घरातल्या चादरी वेळेवर धूत नाही, असं."

"चादर धूत नाही म्हणून लग्न मोडलं?" मुलाची आई म्हणाली आणि पुन्हा माझ्याकडे वळली. तिच्या डोळ्यांत आता मी धुणं-भांड्यांवरून लग्नं मोडणारी बाई होते. माझ्या लेकीचं लग्न त्या चादरीत गुंडाळून दाराबाहेर निघालं होतं, मला ते दिसत होतं.

गप्प बसता आलं असतं. पाया पडता आलं असतं. मी तिच्याकडे पाहिलं. तिने मान हलवली, इतकी थोडी की मलाच दिसावी. नको, असं.

मी उठले. कंबर आता सतराची नाही, पण हात ठेवायला जागा भरपूर आहे.

"चादर नाही, आबा, गोधडी!" मी म्हटलं. "चादर तर तासाभरात वाळते!" आणि पुढे दोन्ही ओळी, चालीसकट, हातवाऱ्यासकट.

क्षणभर कुणाला कळलं नाही. मग आबांना कळलं. त्यांचं पोट हललं, टोपी सरकली, ते धाकट्या सुनेकडे बघून म्हणाले, "आरे देवा! गोधडी!" आणि जे काही हसले! मुलाचे वडील हसले, मुलगा हसला, माझ्या लेकीचे खांदे हलायला लागले. मुलाच्या आईने पदर तोंडात कोंबला. मास्तर सगळ्यांत शेवटी हसले, पण सगळ्यांत जास्त वेळ.

"पोरगीनी माय भारी शे," आबांनी डोळे पुसले. "बठ्ठा हासी ऱ्हायनात. फोडा सुपारी!" आणि स्वतःच अडकित्ता दाबला. कट्. साखरेची वाटी फिरू लागली. मी लेकीच्या तोंडात साखर घातली, मुलाच्या आईच्या तोंडात घातली, आणि वाटी घेऊन मैत्रिणीपाशी गेले.

तिने वाटी घेतली नाही. तीस-बत्तीस वर्षं धुळ्यात राहून शुद्ध बोलायला शिकलेली बाई, सासऱ्यासमोर कधी आवाज न चढवलेली, ती हसणाऱ्या माणसांकडे बघत एकदम ओरडली, "पस्तीस वरीस व्हयनात! सख्खा भाऊना घरबी मी एक रात मुक्कामले ऱ्हात नही!"