तेराव्या फर्म्याची चौकशी

बाइंडरबाईंचा पुस्तकांवर जीव होता, पण पुस्तकं वाचणाऱ्यांवर काडीचा विश्वास नव्हता. सव्वीस वर्षं त्या वाचनालयाच्या मागच्या खोलीत फाटकी पुस्तकं शिवत आल्या होत्या. लांबट टेबल, खळीचं पातेलं, पुठ्ठे, दाभण आणि पुस्तक दाबून ठेवायचा लोखंडी शिकंजा, एवढा त्यांचा संसार. हाती आलेलं पुस्तक वाचल्याशिवाय परत द्यायचं नाही, असा त्यांचा नेम होता. त्यामुळे गावाने डोक्यावर घेतलेली एकूण एक कादंबरी त्यांनी वाचली होती, आणि त्यातल्या दोन-तीन सोडल्या तर बाकीच्यांनी त्यांची निराशाच केली होती.

सुरुवातीला त्यांना वाटायचं, आपल्यातच काहीतरी कमी आहे. लोक म्हणायचे, हे पुस्तक वाचून आम्ही आठवडाभर हललो नाही. बाई ते घेऊन बसायच्या, शेवटचं पान उलटायच्या आणि उठून पातेलं घासायला लागायच्या. आपल्याला लगेच हलता येतंय, याचीच त्यांना लाज वाटायची. पण पुढे त्यांची नजर पानांच्या कडांकडे गेली. चहाचे डाग, दुमडलेले कोपरे, बोटांचा मळ, हे सगळं साठ-सत्तर पानांपर्यंत असायचं. त्यापुढे पानं कोरी करकरीत. तेव्हापासून त्यांच्या मनात जी पाल चुकचुकली ती कायमची. लोक साठ पानं वाचतात आणि साडेतीनशे पानांचं कौतुक करतात, असं त्या उघड म्हणू लागल्या. वाचकमंडळातले दाताचे डॉक्टर त्यांना फौजदारीणबाई म्हणायचे.

घरी त्या आणि त्यांची थोरली बहीण, अशा दोघीच. लाँड्रीच्या वरच्या दोन खोल्या, खालून सतत वाफेचा आणि साबणाचा वास. ताई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली तरी तिला जुने नंबर तोंडपाठ होते. ती कादंबऱ्यांवर फिदा. दर शनिवारी दुपारी वाचकमंडळात जायची आणि येताना गाल लाल करून यायची.

"तुला काहीच कसं आवडत नाही गं, ठकू?" ती विचारायची.

"आवडण्यासारखं कुणी लिहिलं तर आवडेल."

"सगळं जग वेडं आणि तू एकटी शहाणी."

"वेडं नाही म्हणत मी. लबाड म्हणते."

अशातच ती दीपगृहाची कादंबरी दुरुस्तीला आली. समुद्रात एका खडकावर दीपगृह, तिथला रखवालदार बोटीवरून गेलेला, आणि त्याची बायको सात वर्षं त्याला पत्रं लिहिते, पण धाडत नाही. या कादंबरीने गावाला अक्षरशः रडवलं होतं. ताईने तर या वर्षातच दोनदा नेली होती. बाईंनी दुसऱ्या पुस्तकांची खळ वाळेपर्यंत दोन दिवसांत ती संपवली. रखवालदाराची बायको दर तिसऱ्या पानाला सुस्कारा टाकत होती. सात वर्षं पत्रं लिहायला खडकावर शाई कुठून आली, दळण कोण आणून देत होतं, हे लेखकाने सांगितलंच नव्हतं. बाईंना गलबतभर सुस्कारे नको होते, एक शाईची दौत दाखवली असती तरी चाललं असतं.

आणि मध्येच एक गंमत निघाली. एकशे ब्याण्णव पानांनंतर पुन्हा एकशे सत्त्याहत्तरावं पान आलं. बाईंनी शिलाई उसवून पाहिली. पुस्तक सोळा-सोळा पानांच्या जुडग्यांनी शिवतात. त्या जुडग्याला फर्मा म्हणतात. छापखान्याने बारावा फर्मा दोनदा घातला होता आणि तेरावा घालायलाच विसरला होता. कथेतली सोळा पानं या प्रतीत कधी नव्हतीच.

बाईंनी मागच्या कव्हरवरची नोंदीची चिठ्ठी काढली. नऊ वर्षांत एकशे त्रेचाळीस जणांनी पुस्तक नेलं होतं. तक्रार एकही नाही.

त्या तशाच उठून ग्रंथपालांकडे गेल्या. ते सज्जन गृहस्थ खुर्चीत चुळबुळले.

"अरेच्चा! मी वाचलंय की हे. म्हणजे… चाळलंय."

"साहेब, कुणाला बोलू नका," बाई म्हणाल्या. "मला जरा पाणी जोखायचंय."

शनिवारी त्या पहिल्यांदाच वाचकमंडळात जाऊन बसल्या. सगळ्यांनी भुवया उंचावल्या. बाईंनी खडा टाकून पाहिला. "ते एकशे ब्याण्णव पानाच्या पुढचं मला नीटसं कळलं नाही. तिथे काय होतं हो?"

दोघं-तिघं छताकडे बघू लागले. दाताचे डॉक्टर मात्र उत्साहाने पुढे सरकले. "म्हणजे तो मजकूर परत येतो तेच ना? काय कमाल केलीय! एकटेपणात दिवस तेच ते असतात, म्हणून पानंही तीच ती. मला तर अंगावर काटा आला."

छापखान्याच्या चुकीने डॉक्टरांच्या अंगावर काटा आणला होता. बाईंना हसू आवरेना, पण एक गोष्ट त्यांना खटकली. हा माणूस खोटं बोलत नव्हता. त्याने ती पानं खरंच वाचली होती, दोन्ही वेळा.

त्याच वेळी ताई शांतपणे म्हणाली, "पुढे ना, बोट येते. पण तिच्यावर नवरा नसतो, त्याचा भाऊ असतो. मग ती रात्रभर बसते आणि सकाळी पत्रांची पेटी समुद्रात सोडून देते. मला तर तिथे हुंदकाच फुटला."

बाईंच्या हातातला कप तसाच राहिला. ताईने पुस्तक दोन्ही वेळा याच वाचनालयातून नेलं होतं, हीच प्रत. जी पानं या प्रतीत नाहीत, त्यांच्यावर ताईला हुंदका फुटला कसा?

आता संशयाने घरचाच पत्ता धरला. रविवारी सकाळी ताई खिडकीशी नवीन पुस्तक घेऊन बसली. बाई भाजी निवडण्याच्या निमित्ताने समोर. त्या मनात आकडे मोजू लागल्या. चाळीस म्हणेपर्यंत ताईने पान उलटलं. पुन्हा चाळीस, पुन्हा पान. एकदा तर उघड्या पानाच्या निम्म्या भागात नुसतं चित्र होतं, बाकी कोरं, तरी ताई चाळीस होईपर्यंत थांबली. इतक्या ठरावीक वेळाने कुणी वाचत नाही. एखाद्या ओळीवर थबकतं, मागे जातं, डुलकी घेतं.

दुसऱ्या दिवशी बाईंनी एक चिठ्ठी लिहिली, 'ताई, गॅसवर दूध आहे, बंद कर', आणि ताईच्या पुस्तकात खुणेच्या पुढच्या पानात ठेवली. दूध खरंच ठेवलं, बारीक आचेवर. ताईने पुस्तक उघडलं. चिठ्ठी उचलली, डोळ्यांपुढे धरली, मग खुणेचा कागद असावा तशी बाजूला ठेवली आणि पान उलटलं. दूध उतू गेलं.

बाईंचा तोल गेला. "एकेक अक्षर खोटं तुझं! नुसती पुस्तक धरून बसतेस. माझ्यासमोरसुद्धा सोंग? कशासाठी? त्या डॉक्टरांनी वाहवा म्हणावं म्हणून?"

जळलेल्या दुधाचा वास खोलीभर पसरला. मग ताईने पुस्तक मिटलं आणि उलटं मांडीवर ठेवलं.

"मला अक्षर दिसत नाही गं, ठकू."

"म्हणजे?"

"मधोमध डाग आहे. तुझ्याकडे बघितलं की तुझे कान दिसतात, तोंड दिसत नाही. वर्ष होऊन गेलं."

बाईंनी उठून गॅस बंद केला. नऊ वर्षांपूर्वीची छापखान्याची चूक त्यांनी पकडली होती. पण चहा ओतताना ताई कपाच्या काठाला बोट लावून ठेवते, सुईत दोरा त्यांच्याकडूनच ओवून घेते, वाण्याची यादी तोंडी सांगते, यातलं काहीच त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. किंवा आलं होतं, आणि त्यांनी म्हातारपण म्हणून सोडून दिलं होतं.

"मग ती पेटी? ते भावाचं?"

"मोठ्या बाईंनी सांगितलं." मोठ्या बाई म्हणजे शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांची स्वतःची प्रत होती. "शनिवारी आम्ही लवकर जाऊन बाकावर बसतो. त्या बोलतात, मी ऐकते. अडतीस वर्षं दुसऱ्यांचं बोलणं कानात ठेवलंय मी. एकदा ऐकलं की विसरत नाही."

"अगं पण मला सांगायचं की!"

"तुला?" ताई पहिल्यांदाच चिडली. "तुला फाटकं दिसलं की तू दाभण घेऊन येतेस. लगेच डॉक्टर, लगेच औषधं, एकटी जाऊ नकोस, जिना उतरू नकोस. आणि शनिवार बंद. तिथे मला कुणी आंधळी म्हणत नाही. माझं मत विचारतात."

बाई तेव्हा मनातल्या मनात डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायची वेळच ठरवत होत्या.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, साखरेमुळे डोळ्याच्या पडद्याला सूज आहे. उजवा डोळा फारसा सुधारायचा नाही. डाव्यात इंजेक्शनं देऊ, तो बराचसा वाचेल. आणखी सहा महिने गेले असते तर त्याचीही आशा नव्हती. ताईने खुर्चीचा हात घट्ट धरला. बाहेर आल्यावर ती म्हणाली, "झालं समाधान? सापडला चोर?" बाई म्हणाल्या, "चल, रिक्षा बघू." घरी जिना चढताना ताईने आपणहून बहिणीचा दंड धरला.

इंजेक्शनांचा गुण यायला महिने लागणार होते. तोवर रोज चारच्या चहानंतर बाई मोठ्याने वाचून दाखवू लागल्या. ताईने हट्टाने दीपगृहच मागितलं. बाईंनी मोठ्या बाईंची प्रत मागून आणली, तिच्यातल्या सोळा पानांच्या झेरॉक्स काढल्या आणि वाचनालयाच्या प्रतीत जागच्या जागी शिवल्या. मग वाचायला सुरुवात झाली.

"तिने सुस्कारा टाकला," बाई वाचायच्या. "सत्ताविसावा."

"तू वाच. निकाल देऊ नकोस."

तेरावा फर्मा आला. बोट आली. बोटीवर नवऱ्याचा भाऊ होता. बायको रात्रभर बसून राहिली. सकाळी तिने पत्रांची पेटी उचलली, झटकली आणि पलंगाखाली सरकवून ठेवली. मग ती दिव्याच्या काचा पुसायला वर गेली.

"समुद्रात?" ताई म्हणाली.

"समुद्राबिमुद्रात नाही. पलंगाखाली."

"नीट बघ. पान चिकटलं असेल."

"मी शिवलंय. माझी पानं चिकटत नाहीत."

ताईचा चेहरा हळूहळू असा झाला, जसा बाईंचा सव्वीस वर्षं होता. "म्हणजे मोठ्या बाईंनीसुद्धा…?"

"वाचलंही असेल त्यांनी. आठवताना पेटी समुद्रात गेली असेल."

आपण कुणाची तरी बाजू घेतोय, हे बाईंना बोलून झाल्यावर कळलं. ताई ऐकायला तयार नव्हती. शनिवारी विचारतेच म्हणाली. विचारलंही. मोठ्या बाईंनी ठामपणे सांगितलं की पेटी समुद्रातच गेली, पुढच्या आवृत्तीत लेखकाने बदललं असेल. त्यांची आवृत्ती पहिली होती, आणि बाईंनी झेरॉक्स तिच्यावरूनच काढल्या होत्या.

कादंबरी संपायला पुढे तीन आठवडे लागले. शेवटच्या दिवशी पाऊण तास वाचन झालं. नवरा परत आलाच नाही. बायको म्हातारी झाली, दीपगृहाला विजेचा दिवा बसला आणि खात्याने तिला खडक सोडायला सांगितलं. ताई रुमाल तोंडाशी धरून ऐकत होती. शेवटच्या परिच्छेदात बाईंचा आवाज मध्येच चिरकला. त्या थांबल्या, खाकरल्या, पुन्हा वाचू लागल्या, पुन्हा चिरकला. त्या उठून पाणी प्यायल्या आणि परत येऊन त्यांनी उरलेल्या चार ओळी भराभर उरकल्या.

"काय झालं गं?" ताईने विचारलं.

"घसा बसलाय. इतकं मोठ्याने वाचायची सवय नाही."

"हो का?"

"हो. आणि शेवट एकदम सुमार आहे. विजेचा दिवा बसवायला आलेली माणसं खडकावर जेवली काय, तेसुद्धा लिहिलेलं नाही."

ताईने फक्त डावा डोळा बारीक करून, कान आणि तोंड दोन्ही दिसेपर्यंत, बहिणीकडे नीट निरखून पाहिलं.