खुंटीवरची खूण

नेरजवळच्या तांड्यावर गुरुवारचं भजन देवीलालच्या एकतारीवर चालायचं. भोपळा बापाचा, बांबूची दांडी बापाची आणि खुंटीवर चाकूनं कोरलेली खूणही त्याचीच. लालीबाई देवीलालची नवरी होऊन आली, तेव्हा तिचं गाणं ऐकत म्हातारा तार ताणत गेला. सूर तिच्या गळ्याशी भिडला तिथं त्यानं खुंटी थांबवली आणि ती खूण कोरली. पुढं गाणारा कोणी का असेना, तार त्या खुणेलाच लागायची. कापूस वेचून परतणाऱ्या बाया बांधावरूनच ओळखायच्या, आज लाली गाते आहे.

आता लालीबाई भजनाला येत नव्हती. गुडघा दुखतो म्हणायची. पण एका दुपारी तुरी पाखडताना ती तेच जुनं पद गुणगुणत होती. खालच्या, जाडसर आवाजात, जराही न अडखळता. देवीलाल दारातच थबकला. गुडघ्याचं निमित्त होतं. गळा उतरला होता आणि खूण वरच राहिली होती.

त्यानं गुपचूप खुंटी सैल केली. सूर उतरला, पण तार लुळी पडली, छेडली की नुसती खरखरायची. दांडी लांब केली असती तरी सूर खाली आला असता. पण बापाच्या हातचा बांबू बदलायला मन धजेना. उरली तार. तेवढ्याच ताणाला जाड तार हळू हलते, खाली बोलते, एवढं त्याला इतक्या वर्षांत कळलं होतं.

नेरला बबनरावांच्या गॅरेजात तो ब्रेकच्या जुन्या केबलींचे पदर उलगडत बसला.

"एकतारीले ब्रेक लावतं का, देवीलाल?" बबनराव म्हणाले.

"भजन लय पळून राह्यलं, बबनराव."

"मंग सायकलची ने ना."

"ते बारीक हाय. टेम्पोची पायजे."

गुरुवारी अंगणात, तिच्या देखत, त्यानं नवी तार खुणेपर्यंत ताणली आणि छेडली. भरीव, खोल आवाज निघाला. लालीबाईच्या हातातलं सूप थांबलं.

"बाबानं लावलेला सूर उतरवला तुमी."

"खूण पाह्य. जिथल्या तिथं हाय."

तिनं जवळ येऊन खुणेवरून बोट फिरवलं. मग तारेवरून.

"जाड हाय," ती म्हणाली. "लोकं म्हणतीन, लालीचा आवाज बसला."

"म्हणू दे. भजन बसूनच गातेत."

ती हसू दाबत आत गेली आणि लुगड्याचा पदर नीट करून बाहेर आली.

त्या संध्याकाळी गाताना तिच्या गळ्याच्या शिरा ताणल्या नाहीत. बांधावरून बाया परतत होत्या. त्यातली एक थांबून दुसरीला विचारत होती, "कोण गाऊन राह्यलं वं?"

देवीलालला ते ऐकू आलं. लालीबाईलाही आलं असावं. त्याचं बोट तारेवर क्षणभर अडलं. तिनं त्याच्याकडे पाहिलं आणि पुढचं पद स्वतःच उचललं.