आजोबांच्या निळ्या स्वेटरचे हातमोजे

मुलांनो, तुम्हा दोघांना मिळालेले निळे हातमोजे कसे झाले ते लिहून ठेवते. आई म्हणेल, आजीनं छान केले. तितकं सरळ नाही ते.

तुमचे आजोबा जाऊन आठ महिने झाले होते. त्यांचं कपाट मी यादी करून रिकामं केलं. शर्ट देऊन टाकले, कोट मामाला. निळा स्वेटर मात्र यादीच्या कुठल्याच रकान्यात बसेना. हॅम्बर्गच्या पावसात ते रोज तोच घालून बंदरावर जात आणि फेरीबोटीनं एक चक्कर मारून येत.

एका सोमवारी मामा म्हणाला, "आई, गुरुवारी मी टोरांटोला ताईकडे निघतोय. मुलांना काही द्यायचं असेल तर बुधवारपर्यंत दे." मी स्वेटर मांडीवर घेतला.

आमच्या घरात जुना स्वेटर कधी कापत नसत. उसवायचा, लोकरीच्या लडी करून धुवायच्या आणि पुढच्या मापानं पुन्हा विणायचा. तुमच्या आईचा लाल स्वेटर मी असा तीनदा विणलाय. तेव्हा बाहीची शिवण उसवली आणि धागा ओढला. हातभर आला आणि संपला. दुसराही हातभरच. वाटलं, लोकर विरली असेल, पुढे सलग मिळेल. ओढतच राहिले. चहा दोनदा गरम केला, दोनदा निवला. संध्याकाळपर्यंत एक बाही संपली आणि मांडीवर शेवयांसारखा ढीग झाला.

मामा कामावरून आला आणि बूट न काढताच उभा राहिला. "आई, हा दुकानातला आहे. मशीनवर मोठं कापड विणतात, त्यातून बाह्या कापून शिवतात. तुकडेच निघणार."

"मग आधी का नाही सांगितलंस?"

"तू विचारलंस कधी?"

मंगळवारी वरच्या मजल्यावरच्या जर्मन बाईंकडे गेले. त्या शिवणकाम करतात. त्यांनी स्वेटरच्या आतली पट्टी वाचली. शुद्ध लोकर.

"साठ अंशांवर धुवा. आटून घट्ट होईल. मग कापलात तरी धागा सुटणार नाही."

"साठ? चाळीस वर्षं मी सगळ्यांना लोकर गार पाण्यात धुवायला लावलीय."

"गेनाऊ, अगदी बरोबर," त्या म्हणाल्या. "आता त्याच्या उलट करा."

तळघरातल्या वॉशिंग मशीनसमोर बसवेना. दोनदा वर आले, दोनदा खाली गेले. काचेतून निळा रंग गरगरत होता, बंद करायचं बटण हाताशी होतं. एक बाही मी घालवलीच होती. उरलेलाही बिघडला असता तर आजोबांच्या अंगावरचं काहीच तुमच्यापर्यंत पोचलं नसतं.

स्वेटर बाहेर आला तो जाड, लोकर दाबून केलेल्या नमद्यासारखा आणि एवढासा. क्षणभर तो बघवेना. मग कात्री लावली. धागा खरंच सुटला नाही. मागच्या वर्षी तुम्ही कागदावर गिरवून पाठवलेले हात त्यावर ठेवले आणि हातमोजे बेतले. खालचा काठ मनगटाला घेतला. त्या हातभर तुकड्यांना गाठी मारून दोऱ्या वळल्या, गळ्यात अडकवायला. गाठी थोड्या टोचतील, पण मोजे हरवणार नाहीत.

बुधवारी मामाच्या बॅगेत ठेवले आणि मग सुचलं, हात मागच्या वर्षीचे होते. ही लोकर आता ताणली जात नाही. मामा फोनवर म्हणाला, "बसले गं दोघांना." मला बरं वाटावं म्हणूनही म्हणाला असेल.

दुसरी बाही मी अजून कापलेली नाही. तिच्यात एक जोडी नक्की निघेल. ज्याचे घट्ट होत असतील त्यानं खरं सांगावं, आणि हात नव्यानं गिरवून पाठवावा. फोटो नको, कागदच हवा.