लाल शाईतले शेरे

मास्तरांच्या घरात दोन गोष्टी साठतात, वह्या आणि किस्से. वह्या वर्षाअखेरीला वाण्याकडे जातात, पुड्या बांधायला. किस्से मात्र कुणी नेत नाही. ते फडताळातल्या उंदरासारखे खुडबुडत राहतात आणि चार बायका जमल्या की एकेक बाहेर पडतो. माझ्याजवळचे बहुतेक असे आहेत की हसणं तुमचं आणि लाज माझी! त्यातला एक मी आजवर कुणालाच सांगितलेला नाही, ह्यांनासुद्धा नाही. तो शेवटी सांगेन. आधी धीर यावा म्हणून बाकीचे.

मी शिकले सांगलीला, मराठी सातवीपर्यंत. लग्न होऊन साताऱ्याला आले. हे तिथे हायस्कुलात मराठी गद्य शिकवत. धडा वाचून कठीण शब्दांचे अर्थ सांगितले की झालं, असं ह्यांना मान्य नव्हतं. गोष्ट बांधली कशी आहे ते मुलांना दिसलं पाहिजे, असं ह्यांचं म्हणणं. वातावरण कशानं तयार होतं, माणूस डोळ्यांपुढे कसा उभा राहतो, बोलणं खरं कधी वाटतं, शेवट कसा पटतो. आणि या सगळ्याला उदाहरणं कुठली? घरची. म्हणजे माझी!

* * *

पहिली लाज आमटीची.

वातावरण नुसतं डोळ्यांनी दिसत नाही, त्याला वासही असतो, असं ह्यांनी वर्गात सांगितलं. एका मुलानं विचारलं, वास कसला? हे म्हणाले, आमच्या घरी सकाळी दहाला करपलेल्या आमटीचा येतो, तसा.

आता आमच्या बाळूला तेव्हा डांग्या खोकला होता. पोर खोकून निळं पडत होतं. मी त्याला उचलू का आमटी उतरवू? पण हे वर्गाला कोण सांगणार!

त्या आठवड्यात चाळीस वह्या घरी आल्या. सहज एक उघडली. 'करपलेल्या आमटीचा वास माजघरभर पसरला होता.' दुसरी उघडली, तिथेही आमटी. एक मुलगा सहलीला महाबळेश्वरला गेला होता. त्यानं लिहिलं होतं, 'दाट धुक्यातून करपलेल्या आमटीचा मंद वास येत होता.'

मला वाटलं, वह्यांतलं वह्यांत राहील. पण संक्रांतीच्या हळदीकुंकवाला हेडमास्तरांच्या पत्नींनी मला वाण दिलं, कुंकू लावलं आणि कानाशी येऊन हळूच म्हणाल्या, "डाळ घोटून झाली की विस्तव मागे ओढावा हो."

* * *

मग स्वभावचित्रण आलं.

अमुक बाई भित्री होती असं लिहू नका, ती काय करते ते लिहा, हा ह्यांचा धडा. उदाहरण? एक आई दुपारी निजलेल्या बाळाच्या नाकाखाली बोट धरते. श्वास बोटाला लागला की स्वयंपाकघरात जाते. चार भांडी घासते, परत येऊन बोट धरते.

मी मंडईत गेले तर हायस्कूलची दोन मुलं समोरून येत होती. मला पाहून एकानं दुसऱ्याच्या नाकाखाली गंभीरपणे बोट धरलं. दुसऱ्यानं मान डोलावली, म्हणजे चालू आहे.

घरी येऊन मी ह्यांच्याशी भांडले. मला वर्गापुढे उभं केलंत, म्हटलं. हे म्हणाले, "अगं, तुझं नाव कुठं घेतलं? आणि मुलांना धडा कळला की नाही?"

आत बाळू निजला होता. हे बघत नाहीत असं पाहून मी आत गेले आणि बोट धरलं.

* * *

संवादाच्या धड्याला मात्र ह्यांचीच फजिती झाली.

मुलांच्या गोष्टींतले शेतकरी म्हणायचे, 'हे बंधो, वैरण आणलीस काय?' ह्यांना ते सोसेना. शाळेचा शिपाई गणू खटाव तालुक्यातला, वडूजजवळचा. बोलणं असं की ऐकत राहावं. ह्यांनी त्याला वर्गात बोलावलं. म्हणाले, गणू, घरी बैल सुटला की तू बायकोला जे म्हणतोस, ते या मुलांना म्हणून दाखव.

गणूनं टोपी सारखी केली, हात जोडले आणि सुरू केलं, "अध्यक्ष महाशय, गुरुजनवर्ग आणि माझ्या विद्यार्थी मित्रांनो..."

वीस वर्षं प्रत्येक संमेलनात तो सतरंज्या घालून कोपऱ्यात उभा राहिलेला. सगळी भाषणं पाठ!

दुपारी वह्यांचा गठ्ठा घेऊन घरी आला तेव्हा मी त्याला छेडलं. तर म्हणतो, "आवं वैनी, वर्गात कुनी बैलावानी बोलतं व्हय? लाज न्हाई का वाटायची? लय घाम फुटला बगा."

लाज काय असते ते मला त्यानं सांगायला नको होतं.

* * *

शेवटाबद्दल ह्यांचा एकच नियम. शेवट आधीच्या गोष्टीतून उगवला पाहिजे, आभाळातून पडता कामा नये. मुलं माना डोलवायची आणि घरी जाऊन लिहायची, 'इतक्यात मी जागा झालो. ते सारे स्वप्न होते.' वाघ अंगावर आला की जाग, विहिरीत पडला की जाग. हे कपाळाला हात लावून म्हणायचे, वर्ग आहे का बिछाना!

मी बाळूला मांडीवर हलवता हलवता त्या वह्या वाचायची. ह्यांचे लाल शाईतले शेरेही वाचायची. हळूहळू मला कळायला लागलं की शेरा काय पडणार. मनात म्हणायची, 'वातावरण ठीक, माणसे कागदी.' आणि ह्यांचा शेरा तसाच निघायचा. सातवी शिकलेल्या बाईला याचा केवढा गर्व झाला होता, ते सांगायलाही आता कसंतरी होतं.

* * *

लढाईचे दिवस होते. त्या वर्षी ह्यांना हिवतापानं धरलं. त्यावरचं औषध कोयनेल, ते मिळता मिळेना. हे पांघरुणाखाली कुडकुडत पडलेले आणि कोनाड्यात वह्यांचा ढीग. ह्यांची नोकरी अजून कायम झाली नव्हती, त्याच महिन्यात ठरायचं होतं. वह्या वेळेवर गेल्या नाहीत तर हेडमास्तर काय म्हणतील, आणि नोकरी गेली तर बाळूला घेऊन कुठं जायचं, हेच माझ्या डोक्यात.

मी लाल शाईची दौत काढली.

मुलं प्रत्येक लेखनाखाली शेऱ्यासाठी चार ओळी कोऱ्या सोडत. त्या चार ओळींत मी ह्यांच्या वळणानं लिहायला लागले. 'संवाद जिवंत.' 'पुन्हा स्वप्न? उठा!' ज्याला 'पुन्हा लिही' असा शेरा मिळे, त्यानं तो भाग सुधारून सोमवारी वही टेबलावर ठेवायची, ही ह्यांची शिस्त. तोही शेरा मी देऊ लागले. गठ्ठे गणू नेई-आणी, आणि तापात ह्यांना वाटे, वह्या शाळेतच पडून आहेत.

एक दिवस हेडमास्तर समाचाराला आले. ह्यांच्या उशाशी बसून म्हणाले, "आजारपणातही वह्या तपासता, कमाल आहे. आणि अक्षर तर पहिल्यापेक्षा सुधारलंय!"

ताप चढलेला, म्हणून ह्यांना काही कळलं नाही. मी चहा ओतत होते. अर्धा बशीत पडला, अर्धा माझ्या पायावर.

* * *

आता तो शेवटचा.

ह्यांच्या इंग्रजी पाचवीच्या वर्गात तीनच मुली होत्या. त्यातली एक हौसा, शिराळ्याकडच्या खेड्यातली. बाप पलटणीत, आई गावी शेत बघायची. मुलगी साताऱ्यात मावशीकडे राहून शिकायची. विषय दिला होता, 'घरातील एक प्रसंग'.

हौसानं एका मुलीची गोष्ट लिहिली होती. तिच्या घरी एक इंग्रजी कागद आला. गावात इंग्रजी येणारी ती एकटीच. कागदात लिहिलं होतं की ब्रह्मदेशाकडे वडलांच्या तुकडीचा ठाव लागत नाही. आईनं विचारलं, 'काय लिवलंय?' मुलीनं वाचून दाखवलं, 'मी खुशाल आहे. लांब बदली झाली आहे. पत्र नाही आले तरी काळजी करू नये.' तेव्हापासून मुलगी सुटीला घरी गेली की आई तोच कागद काढते, आणि मुलगी तेच वाचते. दर वेळी थोडं वाढवून वाचते. तिथे आंब्याची झाडं आहेत, म्हणते. भाकरी आठवते, म्हणते.

गोष्ट मला लागली. डोळे भरून आले. पण हातात लाल शाई होती ना! मी लिहिलं, 'प्रसंग चांगला रंगवला आहे. शेवट पटत नाही. कोणतीही मुलगी आपल्या आईशी इतके खोटे बोलत राहणार नाही. शेवट पुन्हा लिही.'

शुक्रवारी दुपारी हौसा दारात आली. वही छातीशी धरलेली. सर हायत का, म्हणाली. मी म्हटलं, झोपलेत, ताप आहे.

ती उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. मग म्हणाली, "वैनी, सरांना विचाराल का? मी घडलं तसंच लिवलंय. मग शेवट कसा बदलू?"

तेव्हा कळलं, ही गोष्ट नव्हतीच. तिथल्या तिथे सांगायचं होतं की तो शेरा सरांचा नाही, माझा आहे, आणि मला काही कळत नाही. एवढंच सांगायचं होतं. पण हेडमास्तर डोळ्यांपुढे आले, कायमची ऑर्डर आली, बाळू आला.

मी म्हटलं, "सरांनी लिहिलंय तसं कर."

ती 'बरं' म्हणून गेली. जाताना पायरीवर बाळू बसला होता, त्याचं नाक पुसून गेली.

शनिवारी गणू सहज सांगून गेला की ती पोर सुटी घेऊन गावी गेली. आईकडं काम हाय म्हनली. सोमवार उजाडेपर्यंत मी काय केलं, मला आठवत नाही.

पुढे हे बरे झाले, नोकरी कायम झाली, आणि आता तर आम्ही सांगलीला आहोत. त्या शेऱ्याचं ह्यांना कधी कळलं नाही. आता हे वाचून कळेल.

तर त्या सोमवारी गणूनं गठ्ठा आणून ठेवला. हौसाची वही वरच होती. जुन्या शेवटावर एक सरळ रेघ, पट्टीनं मारलेली. खाली नवीन लिहिलं होतं:

'शनिवारी मी घरी गेले. आई चुलीपुढे होती. मी कागद काढला आणि त्यात होते तसे वाचून दाखवले. आईने भाकरी उलटली. मग म्हणाली, "मला ठावं हुतं. वाचताना तुजी नजर कागदावर नसायची. पर तू आंब्याच्या झाडांचं सांगायचीस, त्ये आइकाया लय बरं वाटायचं."'

त्याखाली तिनं शेऱ्यासाठी चार ओळी कोऱ्या सोडल्या होत्या.